गाजर गवत, शेवंती आणि चार वर्षांची खाज: एका पेशंटचं पूर्ण प्रकरण

पेशंट पुरुष, पन्नाशी ओलांडलेले, पुरंदर तालुक्यातले शेतकरी. थोडे अंजीर, थोडी शेवंती, गाई, शेळ्या, आणि शेतीचं काम नसेल तेव्हा गवंड्याच्या हाताखाली माल कालवायला जातात. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी आजाराचा प्रवास जसा झाला तसाच लिहिते. त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना असे पेशंट दर पावसाळ्यात येतात, पण ह्या काकांच्या बाबतीत इतक्या गोष्टींवर संशय होता आणि शेवटी प्रत्येक गोष्टीचं उत्तर एका रेणूच्या केमिस्ट्रीत सापडलं, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

तक्रार चार वर्षांची. सुरुवातीला पावसाळ्यात पापण्या सुजायच्या, मानेला खाज यायची, दिवाळी झाली की आपोआप कमी व्हायचं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यापासूनच सुरू झालं. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यातही पूर्ण जाईना, आणि माझ्याकडे आले तेव्हा बाराही महिने होतं. सोबत काकू होत्या, त्याच जास्त बोलत होत्या. "मॅडम, रात्रीचं उठून बसत्यात ओ, कातडी निघंस्तवर खाजवत्यात, घरात कुणाला झोप नाय." मानेची कातडी जाड, काळपट, घड्या पडलेली, कपाळावर तसंच, कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे ओलसर चट्टे. पाठ मात्र स्वच्छ, पोट स्वच्छ, जिथे जिथे बनियन असतं ती सगळी जागा ठीक.

आता चार वर्षांत काय काय झालं होतं ते बघा. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा, त्या तीन-तीन औषधं एकत्र केलेल्या, स्टेरॉइड अधिक अँटिबायोटिक अधिक बुरशीचं औषध, लावली की दोन दिवस बरं, सोडली की पुन्हा. त्यातनं चेहऱ्याची कातडी पातळ होऊन बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या. नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून शहरात जाऊन रक्ताची ॲलर्जी तपासणी, ते शेकडो पदार्थांचं मोठं पॅनल, त्याचा भला मोठा रिपोर्ट पिशवीत होता. त्यावरून वांगं बंद, भुईमूग बंद, दूध बंद, डाळी बंद. दीड वर्ष हा माणूस भाकरी आणि दुधीभोपळ्यावर राहिला आणि खाज तसूभरही कमी झाली नाही. मला ह्या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण ती तपासणी ह्या आजारासाठी नाहीच. ती रक्तातल्या आयजीई नावाच्या अँटिबॉडी मोजते, म्हणजे खाल्ल्यावर किंवा श्वासातून गेल्यावर मिनिटांत गांधी उठतात, शिंका येतात, दमा लागतो त्या प्रकारच्या ॲलर्जीच्या. काकांचा आजार वेगळ्या खात्यातला. हा टी पेशींचा (ह्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी), उशिरा उठणारा, संपर्कातून होणारा एक्झिमा. तो रक्ताच्या त्या रिपोर्टमध्ये दिसायचा प्रश्नच नाही.

काकांचा स्वतःचा संशय फवारणीवर होता. शेवंतीवर मॅन्कोझेब हे बुरशीचं औषध मारतात, आणखी एकदोन औषधं, आणि त्यांचं ठाम मत की "केमिकलनं अंग जळालं." मुलाचा संशय केसांच्या डायवर, कारण काका दर महिन्याला काळी पावडर लावतात आणि पापण्या सुजतात म्हणजे तेच असणार. गावातल्या डॉक्टरांनी सिमेंट म्हटलं होतं. आणखी एकांनी उन्हाची ॲलर्जी म्हणून सांगितलं होतं. चारही अंदाज चुकीचे म्हणता येत नाहीत, चारही गोष्टींनी असं होऊ शकतं. म्हणून आधी अंगावरचा नकाशा नीट वाचायला लागतो.

ऊन की हवा, हा पहिला प्रश्न. उन्हाने होणारी ॲलर्जी जिथे सावली असते त्या जागा सोडते: वरच्या पापणीचा घडीतला भाग, कानामागची जागा, हनुवटीच्या खालचा तुकडा. काकांच्या नेमक्या ह्याच तिन्ही जागा भरलेल्या होत्या. कानामागे तर चीर पडून पाणी येत होतं. म्हणजे जे काही येत होतं ते हवेतून येऊन घड्यांमध्ये साठत होतं, घामाबरोबर तिथे मुरत होतं. सिमेंट असतं तर हात आणि पायांचे घोटे आधी गेले असते, काकांचे तळहात राकट पण बरे होते. डायने कान, कपाळाची केसांची रेघ आणि पापण्या जातात, पण कोपराची आतली बाजू आणि गुडघ्याच्या मागचं सांगता येत नाही. फवारणीचं औषध अंगावर उडलं तर सहसा ज्या बाजूने वारा त्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांनी. हवेतून येणारं, कोरडं, बारीक, वर्षातून ठरावीक काळात वाढणारं, आणि आपल्या भागातलं, म्हटल्यावर माझ्या मनात गाजर गवत पहिलं, म्हणजे शास्त्रीय नावाने पार्थेनियम.

पण मनात असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. त्यासाठी पॅच टेस्ट. ही तपासणी जुनी आहे, जोसेफ याडासोन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये पाऱ्याच्या मलमाने पुरळ उठलेल्या पेशंटवर केली, तिथून सुरुवात. पाठीवर छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांमध्ये ठरलेल्या तीव्रतेचे पदार्थ चिकटवायचे, दोन दिवस ठेवायचे, काढून वाचायचं आणि पुन्हा दोन दिवसांनी वाचायचं. दुसरं वाचन टाळू नका, पेशंट "लांबनं यावं लागतं मॅडम" म्हणाले तरी टाळू नका, कारण नुसती जळजळ करणारा पदार्थ पट्टी काढल्यावर लाल दिसतो आणि मग विरत जातो, खरी ॲलर्जी मात्र दुसऱ्या वाचनाला चढलेली असते. काकांना आधी पोटातलं स्टेरॉइड बंद करून, पाठ स्वच्छ असल्याची खात्री करून, भारतीय स्टँडर्ड सिरीज, म्हणजे नेहमीच्या संशयित पदार्थांचा ठरलेला संच लावला, आणि वनस्पतींचा वेगळा.

पहिल्या वाचनाला पार्थेनियमच्या जागी लाल, फुगलेलं, बारीक पुरळ. क्रोमेटच्या, म्हणजे सिमेंटमधल्या क्रोमियमच्या, जागी फिकट लाली. चौथ्या दिवशी पार्थेनियमच्या जागी पाण्याचे फोड एकमेकांत मिसळून एक मोठा फुगा झाला होता, वाटीच्या कडेबाहेर लाली पसरलेली, म्हणजे तीन प्लस, सगळ्यात तीव्र पायरी. शेवंतीच्या जागी दोन प्लस. क्रोमेटची लाली गायब. केसांच्या डायचं पीपीडी, काहीच नाही. थायरम मिक्स, जे मॅन्कोझेबच्या नात्यातलं आहे, काहीच नाही. तेवढ्याने मॅन्कोझेब पूर्ण सुटतं असं म्हणता येत नाही, पण काकांनी आदल्या वर्षी फवारणी दुसऱ्याकडून करून घेतली होती आणि पुरळात काही फरक पडला नव्हता, दोन्ही मिळून तो संशय बाजूला ठेवला. काकूंना फोड दाखवला तर म्हणाल्या, "ह्ये तर अगदी पापणीवर येतंय तसंच हाय."

आता इथून पुढे मला जे सांगायचंय ते. पार्थेनियमच का, आणि पार्थेनियमच्या पानातला कुठला भाग?

रेणूचं नाव पार्थेनिन. सेस्क्विटर्पीन लॅक्टोन ह्या कुळातला, पंधरा कार्बन, अठरा हायड्रोजन, चार ऑक्सिजन, वजन सुमारे २६२ डाल्टन (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). हे वजन महत्त्वाचं. आपल्या कातडीचा वरचा मेलेल्या पेशींचा थर चरबीने बांधलेला असतो, आणि साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू त्यातून सहसा आत जात नाहीत. म्हणूनच गाजर गवताच्या परागकणातली मोठी प्रोटीन्स नाकात गेली तर शिंका देतात, पण धडधाकट कातडीवर पडून असा एक्झिमा देत नाहीत. पार्थेनिन लहान आहे, तेलकट माध्यमात विरघळणारं आहे, त्यामुळे ते आरामात आत उतरतं. एकाच झाडाचे दोन आजार, दोन वेगळे पदार्थ, आणि रक्ताच्या पॅनलने त्यातला दुसरा कधीच सापडणार नव्हता.

पण आत जाणं पुरेसं नाही. व्हॅसलिनही लावतो, ग्लिसरीनही लावतो, काही होत नाही. इतका लहान रेणू एकटा असताना रोगप्रतिकारक पेशींना दिसतच नाही. तो दिसायला लागतो आपल्याच शरीराच्या प्रोटीनला पक्का चिकटल्यावर. हे लँडस्टायनर आणि जेकब्स यांनी १९३० च्या दशकात गिनीपिगवर दाखवलं (रक्तगट शोधणारे ते हेच लँडस्टायनर). त्यांनी डायनायट्रोक्लोरोबेंझीनसारखे साधे रेणू घेतले आणि दिसून आलं की जे रेणू दुसऱ्या रेणूशी रासायनिक बंध करू शकतात ते कातडीला ॲलर्जिक करतात, जे करू शकत नाहीत ते करत नाहीत. अशा अर्धवट ॲलर्जनला हॅप्टेन म्हणतात. म्हणजे प्रश्न काय विचारायचा, तर हा पदार्थ नैसर्गिक आहे का केमिकल आहे असा नाही, तर हा कातडीतल्या प्रोटीनबरोबर काय करू शकतो असा.

पार्थेनिनमध्ये लॅक्टोनची पाच अणूंची कडी आहे आणि त्या कडीच्या बाहेर एक कार्बन दुहेरी बंधाने लटकलेला आहे, कार्बोनिलच्या (कार्बन आणि ऑक्सिजनची दुहेरी बंधाची जोडी) अगदी शेजारी. केमिस्ट लोक त्याला अल्फा-मिथिलीन-गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन म्हणतात. शेजारचा कार्बोनिल इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे तो टोकाचा कार्बन इलेक्ट्रॉनला भुकेला राहतो. आणि कातडीच्या प्रोटीनमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं ज्याच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन, हा गंधक इलेक्ट्रॉन द्यायला तयार बसलेला. दोघं भेटले की बंध जुळतो, मायकेल ॲडिशन म्हणतात त्याला, आणि मग ते गोचिडीसारखं पक्कं, धुऊन निघत नाही. आता शरीराचं ते प्रोटीन शरीराला परकं वाटायला लागतं. कातडीतल्या डेंड्रिटिक पेशी त्याचा तुकडा उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे त्या तुकड्याला ओळखणाऱ्या टी पेशी तयार होतात आणि त्या वर्षानुवर्षं आठवण ठेवतात.

हा दुहेरी बंध खरंच एवढा महत्त्वाचा आहे का, तर हो, त्याची परीक्षा झालेली आहे. ह्या कुळातल्या लॅक्टोनमध्ये हायड्रोजन घालून तो बाहेरचा दुहेरी बंध साधा करून टाकला, बाकी रेणू जवळजवळ तसाच ठेवला, तर ॲलर्जिक माणसाच्या पाठीवर तो सहसा काहीच उठवत नाही. दोन हायड्रोजनचा फरक! मला प्रत्येक वेळी हे वाचताना आश्चर्य वाटतं. ह्याच तत्त्वावर आता नवीन केमिकल माणसाच्या कातडीवर जायच्या आधी तपासतात, सिस्टीन आणि लायसीन असलेली छोटी पेप्टाइड घेऊन त्यात ते केमिकल मिसळायचं आणि किती पेप्टाइड गायब झालं ते मोजायचं, ओईसीडी ह्या अनेक देशांच्या संघटनेने २०१५ मध्ये ही पद्धत मान्य केली. कातडीची ॲलर्जी ही आधी एक रासायनिक क्रिया आहे आणि मग आजार आहे, हे इतकं सरळ दिसतं त्यात.

मग काकांच्या बाकीच्या संशयितांचं काय? पीपीडीचं वजन फक्त १०८, ते तर आणखी सहज आत जातं, पण त्याची पद्धत वेगळी. ते स्वतः फारसं चिकटत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडने किंवा हवेने ऑक्सिडाइझ होऊन क्विनोनसारखा आक्रमक रेणू बनतो आणि तो प्रोटीनला धरतो. म्हणून काळा रंग चढत असतानाच धोका जास्त. सिमेंटमधला क्रोमियम सहा संयुजेच्या रूपात आत घुसतो, आत गेल्यावर तीन संयुजेचा होतो आणि मग प्रोटीनभोवती बंध बांधून बसतो. तिघांचे रस्ते वेगळे, म्हणून एकाची ॲलर्जी असली म्हणजे दुसऱ्याची असेलच असं नाही, आणि काकांना डाय आणि सिमेंट दोन्ही सुटले. (युरोपात सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालून सहा संयुजेचा क्रोमियम २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) खाली ठेवायचा नियम २००५ पासून आहे. आपल्याकडच्या गवंड्यांचे हात बघितल्यावर हे किती स्वस्तात होण्यासारखं आहे असं वाटत राहतं.)

शेवंती मात्र सुटली नाही, आणि ती का सुटली नाही हेही त्याच बंधातून कळतं. शेवंती, सूर्यफूल, गाजर गवत सगळे एकाच सूर्यफुलाच्या कुळातले. शेवंतीत आर्टेग्लासिन ए नावाचा लॅक्टोन असतो, त्याचा सांगाडा पार्थेनिनपेक्षा थोडा वेगळा पण तो बाहेर लटकणारा कार्बन तसाच. टी पेशींनी एकाला ओळखायला शिकलं की दुसऱ्यालाही पुष्कळदा ओळखतात. काका सांगत होते की दसऱ्याच्या तोडणीला त्रास एकदम चढतो, त्यांना वाटायचं फवारणी ताजी असते म्हणून. तोडणीला माणूस पहाटेपासून त्या फुलांत कंबरेपर्यंत बुडालेला असतो, हाताने फूल तोडतो आणि त्याच हाताने घाम पुसतो. फवारणी न करताही तेच झालं असतं.

एक प्रश्न राहिला होता आणि तो मला सतावत होता. बाकी पेशंटना निदान पहिली काही वर्षं थंडीत आराम पडतो, कारण गवत वाळून जातं, वारा पडतो. काकांना तीनच वर्षांत बारमाही का झालं? हे विचारून विचारून कळलं. गोठ्याच्या कडेला, म्हणजे रात्री काका जिथे खाट टाकून झोपतात त्याच्या अगदी उशाला, उपटलेल्या गाजर गवताचा ढीग होता. शेतातलं, बांधावरचं, वाटेवरचं सगळं काका स्वतः हाताने उपटायचे, फार निगुतीने करायचे ते काम, आणि वाळवून ठेवायचे, पेटवायला बरं पडतं म्हणून. मी म्हटलं, काका, तो ढीग तिथे कधीपासून? तर म्हणाले, "कायमच असतोय की मॅडम, पण ते वाळलं म्हणजे मेलं ना, आता काय करतंय?"

झाड मेलं तरी पार्थेनिन मरत नाही. ते उडून जाणारं तेल नाही, वाळल्यावर जिथे होतं तिथेच राहतं, मुख्य म्हणजे पानावरच्या, देठावरच्या आणि फुलाच्या बारीक लवेत. हिरव्या पानाची लव निदान पानाला धरून असते, वाळल्यावर ती तुटून धुळीत जाते, आणि मग शेळी ढिगात शिरली, कोणी झाडू मारला, वाऱ्याची झुळूक आली की धूळ वर आणि झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर. म्हणजे जे सगळ्यात जपून केलं त्यानेच आजार बारमाही झाला.

आणि मग लोक विचारतात की गवतात तर आख्खं गाव वावरतं, मग ह्यांनाच का? खरं सांगायचं तर गावात हे एकटे नसणारच. पार्थेनियमचा त्रास जास्त करून मोठ्या वयाच्या, बाहेर काम करणाऱ्या पुरुषांत दिसतो, पण बायकांनाही होतो. आयुष्यभर संपर्क असून काही न होणारे असतातच, आणि वीस वर्षं गवत उपटून एकविसाव्या वर्षी सुरू होणारेही असतात. एकदा टी पेशी शिकल्या की मग थोडंसं पार्थेनिनही पुरतं, आणि पुरळ त्याच वेळी उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतं. ह्या उशिरामुळेच लोकांना धागा लागत नाही. रविवारी गवत काढलं, मंगळवारी डोळे सुजले, तर माणूस मंगळवारी काय केलं तेच आठवतो.

गाजर गवत आपल्याकडचं नाही हे बऱ्याच जणांना माहीत असेल, मूळ अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात पुण्यात ते ठळकपणे लक्षात आलं, १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, बहुतेकांच्या मते अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर बी आलं. काही वर्षांत पुणे आणि आसपास कातडीच्या ह्या आजाराची लाटच आली, आणि १९७० च्या दशकात पुण्यातल्याच डॉक्टरांनी आणि केमिस्ट मंडळींनी मिळून पेशंटच्या पाठीवर पार्थेनिन तपासून ॲलर्जन हेच असल्याचं दाखवलं. जगभरातल्या त्वचारोगाच्या पुस्तकांत ह्या आजाराच्या प्रकरणात पुण्याचं नाव येतं. ते काम इथलं, आजार इथला, आणि इथल्याच शेतकऱ्याला चार वर्षं वांगं बंद करून बसवलं जातं, हे पटत नाही.

उपचारात पहिली गोष्ट तो ढीग. तो काकांनी हलवायचा नाही, त्यांनी तिथे उभंही राहायचं नाही. जाळायचाही नाही, कारण धूर आणि उडणारी राख-धूळ सगळ्या आळीच्या अंगावर. मुलाने आणि पुतण्याने, दोघांनाही कातडीचा कधी त्रास नाही हे विचारून, ढिगावर पाणी मारून, ओला करून, पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून खड्ड्यात पुरला. गोठा ओल्या फडक्याने पुसला, झाडलोट सुकी करायची नाही असं काकूंना सांगितलं. काकांची खाट घराच्या दुसऱ्या बाजूला. शेतातून आल्यावर लगेच साबण लावून अंघोळ, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, कारण प्रोटीनला चिकटायच्या आधीच जे निघेल तेच निघेल. कपडे बाहेरच काढायचे, आणि शेतातला टॉवेल उशाशी आणायचा नाही.

औषधात पोटातलं स्टेरॉइड थोड्या काळासाठी आणि उतरत्या क्रमाने, चेहऱ्यावर स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस, मानेच्या जाड कातडीला वेगळं मलम, भरपूर व्हॅसलिन, आणि लांब पल्ल्यासाठी ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी, जिच्यावर ह्याच आजारासाठी दिल्लीच्या एम्समध्ये चांगलं काम झालेलं आहे. डोस इथे मुद्दाम लिहीत नाही. ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लिव्हर दोन्हीवर परिणाम करू शकते, ठरलेल्या तारखांना रक्त तपासल्याशिवाय घ्यायची गोष्ट नाही, आणि वाचून मेडिकलमधून आणणारे लोक असतात. आणि हो, आहारातलं सगळं परत सुरू केलं. काकू त्या दिवशी रडल्या.

मधे एक गडबड होता होता राहिली तीही सांगते. टाचांना भेगा होत्या म्हणून कोणीतरी काकांना बिब्बा लावायला सांगितला होता. मी हात जोडून नाही म्हटलं. बिब्ब्याच्या काळ्या तेलात कॅटेकोल असतात, ज्यांना पंधरा कार्बनची लांब तेलकट शेपटी असते. शेपटीमुळे कातडीच्या चरबीत ते थेट उतरतात आणि आत गेल्यावर डोक्याकडची बाजू ऑक्सिडाइझ होऊन क्विनोन बनते आणि प्रोटीनला धरते, म्हणजे आत जायची सोय आणि चिकटायची सोय दोन्ही एकाच रेणूत. धोबी कपड्यावर खूण करायला हेच वापरायचे, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या खुणा जिथे कातडीला लागायच्या नेमक्या तिथेच पुरळ उठायचं. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचं तेल हेही त्याच घराण्यातले, कोकणातल्या काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघितले असतील त्यांना कळेल. आधीच पेटलेल्या कातडीवर हा प्रयोग नको.

तीन महिन्यांनी आले तेव्हा पापण्या मोकळ्या, रात्रीची झोप सुरू. मानेची जाडी निम्म्यावर, पण कातडी अजून काळपट, ती जायला वेळ लागेल. पुढच्या पावसाळ्यात एकदा जोराचं उलटलं, वाटेच्या दोन्ही कडांना गवत गुडघ्याएवढं झालं होतं आणि काका मोटारसायकलवर रोज तिथूनच जायचे. त्यावर पूर्ण उपाय माझ्याकडे नाही. हेल्मेटची काच खाली, गळ्याला सुती रुमाल, आणि घरी आल्यावर चेहरा धुणं, इतकंच सांगू शकले.

शेवंतीचं काय करायचं ह्यावर घरात बरंच झालं. पैसा तीच देते, अंजिराचा हंगाम वेगळा. शेवटी ठरलं की शेवंती राहील पण काकांनी त्या वाफ्यात जायचं नाही, तोडणी मजुरांकडून, आणि काका अंजीर आणि जनावरं बघणार. मी विचारलं जमेल का, तर म्हणाले, "फुलाला हात नाय लावायचा म्हणजे जरा जड जातंय मॅडम." ते जड जातं हे मला कळतं. पण नुसतं औषध वाढवत नेऊन संपर्क तसाच ठेवला तर काही वर्षांनी हाच आजार उन्हालाही जोडला जातो, मग माणसाला घराबाहेर पडणं कठीण होतं. तसे पेशंट बघितलेत, म्हणून ह्या बाबतीत मी आग्रह सोडला नाही.

गावाने आता एक चांगलं केलंय. गवत फुलावर यायच्या आधी, पहिल्या पावसानंतर कोवळं असतानाच उपटायचं ठरवलं. एका झाडाला हजारो बिया लागतात, फुलावर आल्यावर उपटणं म्हणजे बी पेरत जाणं, आणि लव, पराग सगळं अंगावर घेणं. मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी टाकायचं, तो गाजर गवताला दाबतो. मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा, जो १९८४ मध्ये बंगळुरूजवळ पहिल्यांदा सोडला आणि नंतर पसरत गेला, तो पावसाळ्यात पानं खाताना दिसला तर त्यावर औषध मारू नका असंही कृषी सहायकांनी सांगितलं. ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो, तेव्हा शाळेतली मुलं गवत काढायला नेतात, त्याबद्दल मी शाळेला एकच विनंती केली: मुलांना उघड्या हातांनी ते काम देऊ नका, आणि ज्यांच्या कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत आधीपासून एक्झिमा आहे त्यांना त्या कामात घेऊच नका, फुटलेल्या कातडीतून रेणू आणखी सहज आत जातो. शाळेने ते मान्य केलंय. काकांचं रक्त पुढच्या महिन्यात परत तपासायचं आहे, पांढऱ्या पेशी ठीक असतील तर गोळी कमी करायला सुरुवात करू.